रुंद टायर आणि जुनी रिम

ठाण्याच्या उत्तरेस, खाडीच्या कांठीं वसलेल्या कोलशेतचें रूप एका पिढीच्या अवधींत पार पालटून गेलें. जेथें रासायनिक कारखान्यांच्या भिंती होत्या तेथें उंच इमारतींच्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि प्रत्येक इमारतीच्या पायथ्याशीं मोटारींच्या रांगा लागल्या. पावसाळा जवळ आला कीं ह्या वसाहतींतील घरांत एक प्रश्न हटकून निघतो. टायर झिजलेले आहेत, ते बदलावयाचेच आहेत. मग कारखान्यानें दिलेल्या रिमांवरच थोडे रुंद टायर कां चढवूं नयेत? गाडी रस्त्याला अधिक घट्ट धरील, घोडबंदर रस्त्याच्या खड्ड्यांत कमी आदळेल आणि दिसावयासही भरदार दिसेल, असें टायरवाला सांगतो. ह्या तीन गोष्टींपैकीं तिसरी निर्विवाद खरी आहे. पहिल्या दोन मात्र तपासून घेतल्या पाहिजेत, कारण गाडींत मुलेंमाणसें बसावयाचीं असतात आणि रस्ता चार महिने ओला असतो.

उदाहरणासाठीं ह्या भागांत पदोपदीं दिसणारी मारुतीची स्विफ्ट गाडी घेऊं. २०१८ सालीं निघालेल्या तिच्या आवृत्तींतील स्वस्त प्रकारांना १६५/८० आर १४ ह्या मापाचे टायर येत. त्यांतील पहिला आंकडा टायरची मिलिमीटरमधील रुंदी. दुसरा, टायरची उभी भिंत रुंदीच्या शेंकडा किती उंच आहे तें सांगणारा. ‘आर’ म्हणजे रेडियल, ज्याचें पेटंट फ्रान्समधील मिशेलीन कंपनीनें १९४६ सालीं घेतलें तो प्रकार. आणि १४ हा रिमेचा इंचांतील व्यास. हिशेब केला तर भिंतीची उंची १३२ मिलिमीटर येते आणि चाकाचा एकूण व्यास सुमारें ६२० मिलिमीटर. ह्या जागीं सामान्यतः सुचविला जातो तो १८५/७० आर १४. त्याची भिंत १२९.५ आणि एकूण व्यास सुमारें ६१५. फरक शेंकडा एकाहूनही कमी. वेगमापकाचा कांटा ताशीं ८० किलोमीटरवर असतां प्रत्यक्ष वेग पूर्वीपेक्षां अर्ध्या किलोमीटरच्या आसपास कमी भरेल, एवढेंच. रुंदी वाढवून ८० चा आंकडा मात्र तसाच ठेवला, तर चाक पांच टक्क्यांनीं उंच होतें. मग कांटाही चुकतो आणि चाक मडगार्डाच्या आंतल्या बाजूला घासण्याचा संभवही वाढतो.

येथवर गणित टायरवाल्याच्या बाजूचें आहे. परंतु टायरवर छापलेली रुंदी ही कोणत्याही रिमेवर भरणारी रुंदी नव्हे. प्रत्येक मापासाठीं एक ठराविक मोजणीची रिम नेमून दिलेली असते आणि छापील आंकडा त्या रिमेवरचा असतो. १६५/८० साठीं ही रिम साडेचार इंच रुंद, तर १८५/७० साठीं साडेपांच इंच. रिम अर्ध्या इंचानें रुंद झाली कीं टायर सुमारें पांच मिलिमीटर पसरतो, अरुंद झाली कीं तितकाच आंवळला जातो. आतां आपल्या उदाहरणांतील गाडीची रिम पांच इंचांची धरली, तर तिच्यावर जुना टायर १६५ च्या ऐवजीं १७० भरतो, आणि नवा १८५ च्या ऐवजीं १८०. ज्या वीस मिलिमीटरांसाठीं पैसे मोजले त्यांचे दहाच उरले. तेही दोन्ही बाजूंना पांच पांच. अर्थात् ह्यांत धोका कांहीं नाहीं. १८५/७० ला साडेचारपासून सहा इंचांपर्यंतची रिम मान्य आहे, आणि अशा मर्यादांचीं कोष्टकें आपल्या देशांत भारतीय टायर तांत्रिक सल्लागार समिति प्रसिद्ध करीत असते. मर्यादा ओलांडून आणखी रुंद टायर त्याच रिमेवर कोंबला, म्हणजे मात्र त्याच्या कडा आंत ओढल्या जातात, भिंती फुगतात, रस्त्यावर टेकणारा पृष्ठभाग मध्यें उंचावतो व मध्येंच झिजतो, आणि वळणावर गाडी डोलूं लागते. घट्ट पकडीसाठीं केलेला खर्च अशा वेळीं नेमका उलट फळ देतो.

आतां पकडीचें पाहूं. एका चाकावर अडीचशें किलोचा भार आणि टायरमध्यें तीस पौंड हवा असली, तर रस्त्याला टेकणारी जागा साधारणपणें १२० चौरस सेंटिमीटर असते. म्हणजे पोस्टाच्या एका कार्डाएवढी. सारें कुटुंब, सामानसुमान आणि दीड हात पुढें अचानक थांबलेली रिक्षा, ह्या सर्वांचा निकाल अशा चार कार्डांवर लागावयाचा असतो! रुंद टायर घातल्यानें हें कार्ड फारसें मोठें होत नाहीं. भार तोच आणि हवाही तीच असल्यामुळें तें फक्त आडवें फिरतें. लांबी घटते, रुंदी वाढते. कोरड्या रस्त्यावर, विशेषतः वळणावर, ह्याचा थोडा लाभ होतो. परंतु पाणी सांचलेल्या रस्त्यावर रुंद टायरला अधिक पाणी बाजूला सारावें लागतें आणि तो त्यावर लौकर तरंगूं लागतो. विमानांच्या टायरांवर अमेरिकेंत १९६० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांतून निघालेल्या सूत्राप्रमाणें तीस पौंड हवेच्या टायरला ताशीं सुमारें नव्वद किलोमीटरवर हा धोका संभवतो. हवा कमी असेल तर त्याहून अलीकडेच. पूर्व द्रुतगति मार्गावर श्रावणांतल्या सरींत हा वेग गांठणारे महाभाग कमी नाहींत.

मग टायर बदलल्यावर गाडी अधिक चांगली थांबते, हा पुष्कळांचा अनुभव खोटा का? मुळींच नाहीं. पण त्याचें श्रेय रुंदीला चुकून दिलें जातें. नव्या टायरच्या खांचा सात-आठ मिलिमीटर खोल असतात. झिजून टाकून दिलेल्याच्या पुष्कळदां कायद्यानें घातलेल्या १.६ मिलिमीटरच्या मर्यादेला टेकलेल्या. पाणी बाहेर फेंकतात त्या ह्या खांचा. कारखान्याच्या मूळ मापाचा नवा, चांगल्या रबराचा टायर घातला असता तरी ब्रेकाखालीं हाच फरक जाणवला असता, आणि पैसेही वांचले असते.

खड्ड्यांविषयीं तर प्रश्नच नको. खड्ड्याच्या कडेपासून रिमेला वांचविते ती भिंतीची उंची, रुंदी नव्हे. आणि वरील अदलाबदलींत भिंत अडीच मिलिमीटरनें खालींच आली आहे. बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोखंडी धांव चढविणाऱ्या लोहाराला हें सांगण्याची गरज पडली नसती. इंग्लंडांत १७५३ सालीं नऊ इंच रुंद चाकांच्या गाड्यांसाठीं कायदा झाला होता खरा. पण तो रस्ते वांचविण्यासाठीं, गाड्या वांचविण्यासाठीं नव्हे.

तरीही हौस असेल तर ती भागविण्यास मार्ग आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम उत्पादकानें ठरविलेल्या मूळ तपशिलांत बदल करण्यास आडकाठी घालतें, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें त्याचा कडक अर्थ लावला. तेव्हां चालकाच्या दारापाशीं चिकटविलेल्या पट्टींत किंवा गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या मापांतूनच निवड करणें शहाणपणाचें. भारदर्शक आंकडा मूळच्यापेक्षां कमी नसावा: ८५ म्हणजे ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. नवे टायर निदान एका आंसावर जोडीनें घालावे. त्यानंतर गाडींत पांच माणसें बसवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पुरतें वळवून, एखादा गतिरोधक सावकाश ओलांडावा आणि घासल्याचा आवाज येतो कीं काय तें ऐकावें.

राहतां राहिली स्टेपनी. वेल्समधील लॅनेली गांवच्या स्टेपनी नांवाच्या रस्त्यावर १९०४ च्या सुमारास निघालेल्या जादा चाकाचें तें नांव इंग्लंड विसरलें, पण ठाण्याच्या पंक्चरवाल्याच्या तोंडीं तें अजून आहे. चार टायर बदलले तरी ती बहुधा जुन्याच मापाची राहते. व्यासांतील फरक अल्प असल्यानें पंक्चरच्या दुकानापर्यंत ती जाऊं शकते. मात्र ती शक्यतों मागच्या बाजूस लावावी, वेग बेताचा ठेवावा, आणि महिन्यांतून एकदां तिच्यांतील हवाही पाहावी.