घरचा मालक आणि गाणारे भाऊ
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वेतन, जमीन, राखीव जागा हे विषय सोडून अमेरिकेतील पाच गाणाऱ्या भावांनी आपली जुनी रेकॉर्ड कंपनी सोडावी की सोडू नये, हा विषय मी का निवडला, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. त्या भावांचा निर्णय तर १९७५ सालीच झाला. त्यांच्यातील सर्वांत प्रसिद्ध झालेला मायकेल जॅक्सन २००९ मध्ये निवर्तला. पण त्या निर्णयाच्या मुळाशी जो पेच होता तो आपल्या गिरण्यांत, साखर कारखान्यांत, शिक्षणसंस्थांत आजही रोज उभा राहतो. मालक परका असेल तर त्याच्याशी कसे वागावे हे आपल्याला ठाऊक आहे. मालक आपल्याच जातीचा, आपल्याच भाषेचा, आपल्याबरोबर अपमान सोसलेला असेल तर काय करावे?

जॅक्सन बंधूंची कंपनी, मोटाउन, ही अशी 'आपली' कंपनी होती. डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. तेथे फोर्डच्या कारखान्यात जोडणीच्या पट्ट्यावर काही काळ काम केलेल्या बेरी गॉर्डी या कृष्णवर्णीय तरुणाने १९५९ साली आपल्या कुटुंबाच्या सामायिक निधीतून ८०० डॉलर उसने घेऊन ती सुरू केली. एका राहत्या घरात ध्वनिमुद्रणाची खोली केली आणि दारावर पाटी लावली 'हिट्सव्हिल, यू. एस. ए.' दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयाला वेगळ्या बाकावर बसावे लागत होते, त्या काळात या घरातून निघालेली गाणी गोऱ्यांच्या दिवाणखान्यात वाजू लागली. १९६३ च्या जूनमध्ये डेट्रॉइटमध्ये जो प्रचंड मोर्चा निघाला त्यातील मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाची तबकडी याच कंपनीने काढली. पुढे व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे त्यांचे भाषणही तिनेच प्रसिद्ध केले. कृष्णवर्णीय समाजाला या कंपनीविषयी वाटणारा अभिमान खोटा नव्हता. त्या अभिमानाची टिंगल करणारा समाजवादी माझ्या मते समाजवादही समजलेला नाही आणि समाजही.

आता घराच्या आत जाऊ. गाण्यांचा कारखाना काढण्याची कल्पना आपल्याला मोटारीच्या पट्ट्यावरून सुचली, हे गॉर्डी स्वतःच अभिमानाने सांगत. एका टोकाला कवायत न शिकलेले पोर घ्यायचे आणि दुसऱ्या टोकाला तयार तारा बाहेर काढायचा. मालाची तपासणी करणारी बैठकही असे, आणि कोणते गाणे बाजारात जायचे ते तीत ठरे. वादकांचा ताफा असामान्य होता, परंतु १९७१ पर्यंत तबकड्यांच्या वेष्टनावर त्यांची नावे नसत. गाण्यांचे हक्क सांभाळणारी प्रकाशनसंस्था कंपनीची आणि गायकाचे व्यवहार पाहणारी व्यवस्थापनसंस्थाही कंपनीचीच. म्हणजे कंपनीशी करार करताना गायकाच्या बाजूने बोलायला जो माणूस बसे, तोही कंपनीच्या पगाराचा! बियाणे देणारा, कर्ज देणारा आणि माल मोजून घेणारा सावकार एकच असेल, तर शेतकऱ्याच्या हाती काय उरते हे तुम्हाला सांगायला नको. सावकार जातीचा आहे म्हणून तराजू बदलत नाही.

या घरात १९६९ साली जॅक्सन बंधू आले. इंडियाना राज्यातील गॅरी या पोलादाच्या गावचे हे कुटुंब. बाप पोलाद कारखान्यात क्रेन चालवणारा. धाकटा मायकेल तेव्हा दहा वर्षांचा होता. १९७० या एका वर्षात त्यांची पहिली चारही गाणी अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेली. या यशातील त्यांच्या वाट्याची रॉयल्टी तीन टक्क्यांहूनही कमी, आणि तीही पाच जणांत वाटायची. शिवाय ध्वनिमुद्रणाचा खर्च तिच्यातून वजा. वये वाढली तशी स्वतःची गाणी स्वतः रचावीत ही इच्छा झाली. पण गाणी कोणी लिहायची आणि त्यांना चाल कोणी द्यायची हे कंपनी ठरवीत असे. मुलांची गाणी रचण्यासाठी नेमलेल्या मंडळींना तिने नावही 'द कॉर्पोरेशन' असेच दिले होते. क्वचित मालकही खरे बोलतो!

असे अस्वस्थ झालेले ते पहिले नव्हेत. हॉलंड-डोझियर-हॉलंड या तिघांनी कंपनीला एकामागून एक लोकप्रिय गाणी रचून दिली होती. हिशेबावरून खटका उडाल्यावर १९६७ मध्ये त्यांनी काम मंदावले. आपल्या युनियनच्या भाषेत 'गो-स्लो' केले. कंपनीने त्यांना कोर्टात खेचले. ग्लॅडिस नाइट आणि तिचा संच १९७३ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि त्याच वर्षी त्यांचे गाणे पहिल्या क्रमांकावर पोचले. आणि निष्ठेचे बोलायचे तर १९७२ साली खुद्द कंपनीनेच डेट्रॉइट सोडले व बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलवले. ज्या वादकांच्या जोरावर तो नाद उभा राहिला होता, त्यांतील बहुतेक मागेच राहिले. 'फोर टॉप्स' हा जुना संच आपल्या शहरातच राहिला आणि कंपनीतून बाहेर पडला. कोणी कोणाला सोडले म्हणायचे?

१९७५ च्या उन्हाळ्यात जॅक्सन बंधूंनी सी.बी.एस. या बलाढ्य कंपनीच्या 'एपिक' शाखेकडे जाण्याचे जाहीर केले. येथे पेच खरा तीव्र होतो. ज्या कंपनीकडे ते चालले होते ती काही चळवळीतून निघालेली नव्हती, ती गोऱ्या भांडवलदारांची होती. घरातही दुफळी झाली. भाऊ जर्मेन हा गॉर्डी यांचा जावई. तो निष्ठेच्या बाजूने उभा राहिला आणि मागे राहिला, त्याच्या जागी धाकटा रँडी आला. जर्मेनला दोष देण्याची माझी इच्छा नाही. पण मालकाशी सोयरीक असणे आणि मालकाविषयी कृतज्ञता असणे यांच्यातील सीमारेषा अशा वेळी किती पुसट होते, ते आपल्या तालुक्यातील सहकारमहर्षींच्या गोतावळ्याकडे पाहिले तरी कळते.

निघताना त्यांना काय नेता आले? नाव नेता आले नाही. 'जॅक्सन फाइव्ह' ही अक्षरे कंपनीने आपल्या मालकीची करून ठेवली होती. आईबापांनी दिलेल्या आडनावावर संख्या चढली की ते मालकाचे होते, असा हा न्याय. कोर्टकज्जे झाले, १९८० मध्ये तडजोड झाली, आणि हे भाऊ १९७६ पासून नुसते 'द जॅक्सन्स' म्हणून गायले. लहानपणापासून गायलेल्या गाण्यांची मूळ ध्वनिमुद्रणेही जुन्या घरातच राहिली. नव्या घरीही पहिल्या दोन तबकड्यांची सूत्रे फिलाडेल्फियाच्या गॅम्बल आणि हफ या निर्मात्यांच्या हाती होती. १९७८ च्या 'डेस्टिनी' या तिसऱ्या तबकडीत बहुतेक गाणी भावांची आणि निर्मितीही त्यांची होती. रॉयल्टी अनेक पटींनी वाढली हे खरे, पण मला विचाराल तर स्थलांतराची खरी कमाई ही १९७८ ची. मजुराला दुसऱ्या गिरणीत दोन रुपये जास्त मिळणे आणि साचा कसा चालवायचा हे त्याने स्वतः ठरवणे, यांत फरक आहे.

तेव्हा त्यांनी जावे की जाऊ नये? माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: जायला हवे होते आणि ते गेले हे योग्यच झाले. समाजाचा अभिमान ही समाजाची ठेव आहे. ती एका मालकाने आपल्या कराराच्या कागदाखाली वजन म्हणून ठेवू नये. मुंबईच्या गिरण्यांना १९०५ नंतर स्वदेशीच्या लाटेत बरकत आली. त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि त्या उजेडात कामगाराचा दिवस लांबला. कापड स्वदेशी होते म्हणून साच्यापुढे उभ्या असलेल्याचे पाय कमी दुखले नाहीत. आणि 'आपल्या' कंपनीचे पुढे काय झाले? १९८८ मध्ये गॉर्डी यांनी मोटाउन सहा कोटी दहा लाख डॉलरला विकली. घेणाऱ्यांत एम.सी.ए. ही मोठी कंपनी होती. त्याच वर्षी सी.बी.एस.चा रेकॉर्ड व्यवसाय जपानच्या सोनीकडे गेला. निष्ठेने राहिलेल्यांचीही गाणी विकली गेली आणि बंड करून गेलेल्यांचीही. विक्रीच्या दिवशी गाणाऱ्यांना कोणी विचारले नाही.

म्हणून 'सोडावे' एवढ्या उत्तरावर मी थांबू शकत नाही. सोडून जाण्याची ताकद नावारूपाला आलेल्याकडे असते, मागे बसून ढोलकी वाजवणाऱ्याकडे ती नसते. आपल्याकडे साठच्या दशकाच्या आरंभी लता मंगेशकरांनी गायकाला रॉयल्टी हवी असा आग्रह धरला, तेव्हा महंमद रफींसारख्या सज्जन माणसाला वाटले की एकदा बिदागी घेतली की गाण्यावरचा आपला हक्क संपला. दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. रफींचे औदार्य वंदनीय, पण बाजू लताबाईंचीच बरोबर होती, कारण ज्याच्याकडे औदार्य दाखवण्याइतके काही नाही त्याचाही प्रश्न त्या मागणीत होता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी मोबदला घेऊन केलेल्या संगीतावर निर्मात्याचा हक्क मान्य केला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मात्र स्वतंत्र टिपणात, गाणाऱ्याच्या पदरात कायदा काहीच टाकत नाही याकडे लक्ष वेधले. गायकाचा हक्क कायद्यात येण्यासाठी १९९४ ची दुरुस्ती यावी लागली. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटा करारानेही हिरावता येऊ नये, ही तरतूद तर २०१२ मध्ये झाली. एवढी वर्षे लागली याचे एक कारण हेही की गाणाऱ्याला आपण कामगार मानलेच नाही.

आणि हे 'आपण' म्हणताना मी फक्त कंपन्यांविषयी बोलत नाही. सभेआधी तासभर गाऊन मैदान भरवणाऱ्या आपल्या कलापथकांना, 'घरचीच माणसे' म्हणून, आपण गाडीभाडेसुद्धा वेळेवर देतो का? त्यांच्या गाण्यांची फीत कोणी काढली, विकली, तर तिचा हिशेब कोणाकडे आहे? पथकातील तिघेजण आज येथे बसलेले आहेत. चर्चेच्या तासाला आधी त्यांनी बोलावे, जिल्हा कार्यकारिणीने नंतर, अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे.