फटफटीवरून घाटांची सफर



दिवाळीची सुटी जवळ आली म्हणजे शहरांतील तरुण मंडळींचें मन घरांत ठरत नाहीं. पाऊस सरलेला असतो, आकाश निवळलेलें असतें, आणि मराठी माणसानें जिला तिच्या आवाजावरून फटफटी हें नांव दिलें ती मोटारसायकल दाराशीं उभी असते. दोघे मित्र एकत्र बसतात, नकाशा पसरतात आणि चार दिवसांत आठ घाट ओलांडण्याचा बेत करतात. हौस चांगली आहे. परंतु घाटांतील सफरीचा बेत किलोमीटरांपेक्षां उजेडाच्या हिशेबानें करणें अधिक शहाणपणाचें असतें.

याचें कारण सह्याद्रीच्या रचनेंतच आहे. देश आणि कोंकण हे शेजारी खरे, पण एक माडीवर राहतो आणि दुसरा तळमजल्यावर. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३७२ मीटर उंच आहे. त्याच्या पायथ्याचें पोलादपूर कोंकणांतल्या सखल खोऱ्यांत वसलेलें आहे. नकाशावर दोहोंमधलें अंतर बोटभर दिसतें; रस्ता मात्र वळसे घेत घेत सुमारें ४० किलोमीटर जातो. पूर्वीं याच डोंगरांतून बैलांचे तांडे कोंकणचें मीठ वर आणि देशावरचें धान्य खालीं नेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटांतील सातवाहनकालीन लेख तर या वहिवाटीचें वय दोन हजार वर्षांचें ठरवितात. तांड्याचा नायक दिवसाची मजल ठरवितांना बैलाची ताकद, पाण्याची जागा आणि सूर्यास्त या तीन गोष्टी पाहत असे. वाहन बदललें, तरी त्या तीन गोष्टी बदललेल्या नाहींत.

नमुन्यादाखल पुण्याहून निघणारी चार दिवसांची सफर घ्यावी. पहिल्या दिवशीं पहाटे निघून भोर गांठावें आणि टाकी तेथेंच भरून घ्यावी. पुढें नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाच्या कडेनें जाणारा रस्ता वरंधा घाटाच्या माथ्याशीं येतो. घाटांत वाघजाईचें देऊळ आहे, गरम भज्यांचीं दुकानें आहेत आणि समोर कोंकणची खोल दरी आहे. भजीं अवश्य खावीं, पण बैठक लांबवूं नये. हा घाट पश्चिमेकडे उतरतो. दिवस कलला म्हणजे सूर्य नेमका चालकाच्या डोळ्यांसमोर येतो आणि वळणावरून वर येणारी गाडी दिसेनाशी होते. म्हणून दुपारीं एकच्या आंत घाट उतरावा आणि महाडास मुक्काम करावा.

दुसरा दिवस मोकळा ठेवावा. त्या दिवशीं रायगड पाहावा; १९२७ च्या सत्याग्रहानें देशभर प्रसिद्ध झालेलें चवदार तळें महाड गांवांतच आहे, तें पाहावें. उतावळ्या मंडळींना हा दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. पण पहिल्या दिवशीं अवचित पाऊस लागला, चाक पंक्चर झालें किंवा अंग मोडून आलें, तर हाच दिवस सारी सफर सांवरून धरतो. बेतांतील मोकळा दिवस म्हणजे कणगींत शिल्लक ठेवलेलें धान्य होय.

तिसऱ्या दिवशीं पोलादपूरहून आंबेनळी घाट चढावा. डोंगराच्या या पश्चिम अंगावर सकाळीं सावली असते. वळणांवर दंव आणि ओला पाला असतो, आणि दुचाकीचें चाक तेवढ्यावरून घसरतें. रस्ता सुकल्यावर, आठ वाजून गेल्यावर निघावें. वाटेंत प्रतापगड आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट याच किल्ल्याच्या पायथ्याशीं झाली. गड पाहून संध्याकाळच्या आंत महाबळेश्वरास पोंचावें. अंतर अवघें साठ किलोमीटरांच्या घरांतलें, तरी दिवस पुरता लागतो. आणि तसाच तो लागूं द्यावा.

चौथ्या दिवशीं पांचगणीवरून पसरणी घाटानें वाईस उतरावें. या घाटाचें तोंड पूर्वेकडे असल्यामुळें येथें हिशेब उलटा होतो: कोंवळा सूर्य समोरून डोळ्यांत शिरतो. तो वर चढेपर्यंत पांचगणींत चहा घ्यावा, मग निघावें. खालीं कृष्णेचें खोरें आणि धोमचा जलाशय दिसतो. पण तो गाडी कडेला उभी करून पाहावा, चालवितांना पाहूं नये. वाईहून हमरस्त्यानें दिवेलागणीच्या आंत पुणें येतें. नोव्हेंबरांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, हें विसरूं नये.

चढतांना यंत्राची परीक्षा होते, उतरतांना माणसाची. ज्या गिअरमध्यें घाट चढला जाईल त्याच गिअरमध्यें तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. तसें केल्यानें इंजिनच गाडीला आवरून धरतें. पेट्रोल वांचविण्यासाठीं इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्यें सोडणारे लोक चार पैशांसाठीं हा आधार गमावतात. मग सारा भार ब्रेकांवर पडतो. ते सतत दाबून धरल्यानें तापतात आणि तापले म्हणजे त्यांची पकड ढिली होते. ब्रेक थांबून थांबून, दोन्ही मिळून लावावे. अरुंद जागीं चढणाऱ्या गाडीला आधीं वाट द्यावी. तसा कायदाच आहे.

निघण्यापूर्वीं टायर, चेन, ब्रेक आणि दिवे तपासून घ्यावे. क्लचची एक जादा तार, प्लग, पंक्चरचें सामान आणि हवेचा पंप जवळ असावा. ओझें दोन्ही बाजूंस सारखें आणि खालच्या अंगाला बांधावें. शिरस्त्राण दोघांच्याही डोक्यावर असावें. मागें बसणाऱ्याच्या हातीं ना ब्रेक असतो ना सुकाणू. त्यानें आपला जीव मित्राच्या हवालीं केलेला असतो. तो "थांब" म्हणाला कीं कारण न विचारतां थांबावें.

हे डोंगर जितके सुंदर तितकेच कठोर आहेत. २८ जुलै २०१८ रोजीं आंबेनळी घाटांत सहलीची बस दरींत कोसळली. बसमधील एक जण सोडून सारे दगावले. जुलै २०२१ मध्यें महाबळेश्वरास चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच अतिवृष्टींत आंबेनळीचा रस्ता जागोजाग खचला आणि महाड तालुक्यांतील तळीये गांवावर दरड कोसळली. वरंधा घाट पावसाळ्यांत सरकारी आदेशानें बंद ठेवण्याची वेळ अनेकदां येते. म्हणून हा बेत पावसाळा सरल्यावरच करावा, आणि तरीही भोरास पोंचतांच पुढच्या रस्त्याची चौकशी करावी. रस्ता बंद असेल तर मुळशीवरून ताम्हिणी घाटानें माणगांव आणि तेथून महाड, ही दुसरी वाट आधींच कागदावर लिहिलेली असावी. ढग खालीं उतरले, दोन वळणांपुढचें दिसेना, तर परत फिरावें. परत फिरण्यांत कमीपणा वाटतो तो बहुधा सोबत्यांसमोर; म्हणून ही गोष्ट निघण्यापूर्वींच, घरीं बसून, सर्वांनीं कबूल करून ठेवावी.

शेवटीं, या बेताची एक प्रत घरीं ठेवावी: कोणता दिवस, कोणता घाट, मुक्काम कोठें, पोंचण्याची वेळ कोणती. मुक्कामावर पोंचतांच घरीं फोन करावा. संध्याकाळीं देवापाशीं दिवा लावून त्या कागदाकडे पाहणारी आईही मग मनानें या सफरींत असते, आणि तिला रात्रीं झोंप लागते.