आहेराच्या वहीत आपलं नाव कुठे आहे?

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील बचत गटांच्या महिलांसमोर केलेले भाषण)

लग्नसराई सरत आली. या दोन महिन्यांत तुमच्यातल्या प्रत्येकीने निदान आठ-दहा लग्नांत अक्षता टाकल्या असतील आणि प्रत्येक ठिकाणी आहेर केला असेल. हुंड्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. आहेराबद्दल बोलत नाही, कारण तो मायेचा वाटतो. आज त्याबद्दल बोलू या.

मांडवाच्या दाराशी भावकीतला एखादा हिशेबी माणूस वही घेऊन बसतो. पाकीट फोडतो, नोटा मोजतो, नाव लिहितो. काही गावांत तर माईकवरून पुकारतात. एकशे एक, पाचशे एक. वरचा एक रुपया शुभाचा. ती वही मग वर्षानुवर्षे कपाटात राहते. समोरच्याच्या घरी कार्य निघालं की बाहेर येते. ‘त्यांनी आपल्या पोरीच्या वेळी किती घातले होते?’ तेवढे, आणि वर थोडे, घालावेच लागतात.

ही पद्धत वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. सुप्याकडच्या जिरायत पट्ट्यात ज्या घरात उसाचं बिल येत नाही, तिथे मांडववाल्याचे आणि आचाऱ्याचे पैसे आहेरातूनच भागतात. गरिबांनी गरिबांना दिलेली ती बिनव्याजी उचल आहे. आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. दक्षिण कोरियात लग्नाच्या दाराशी मुलीकडचं एक आणि मुलाकडचं एक अशी दोन टेबलं असतात. पाहुणे पाकिटात नोटा घालून देतात, नाव लिहिलं जातं, पुढे फेड होते. सरकारी नोकरांच्या घरी अशा पाकिटांतून लाच जाऊ नये म्हणून तिथे २०१६ साली लागू झालेल्या कायद्याने रकमेला मर्यादा घातली. म्हणजे आहेर नुसता मायेचा नसतो, तो व्यवहार असतो. आणि व्यवहार म्हटला की विचारायला हवं : पैसे कोणाचे, नाव कोणाचं?

बचत गटाच्या वह्या तपासताना कर्जाचं कारण ‘घरखर्च’ असं मी कितीदा वाचते! जवळ बसून विचारलं की बाई हळूच सांगते, ‘ताई, नणंदेच्या पोराचं लगीन होतं.’ कर्ज तिच्या नावावर. हप्ता तिच्या खुरपणीच्या मजुरीतून. वहीत नाव मात्र नवऱ्याचं.

आपल्यातली एक विधवा मैत्रीण. मांडवात पुढे कशाला जा, म्हणून तिने पाकीट दिराच्या हाती दिलं. पुकारलं गेलं दिराचं नाव. असं ती बारा वर्षं करत आली. आता तिच्या मुलीचं लग्न निघेल तेव्हा लोक वही उघडतील. तिचं नावच नाही, मग तिला कोण फेडणार? तिने घातलेला आहेर दिराच्या मांडवात परत जाणार. विधवा प्रथेविरुद्ध हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. आहेराच्या वहीपर्यंत तो ठराव आपणच न्यायला हवा.

दुसरी मैत्रीण दोन वर्षांत माहेरी परत आली. भांडी, दागिने, तिच्या हातात दिलेली पाकिटं मागितली, तर सासरे म्हणाले, ‘पुरावा काय?’ पुरावा त्यांच्याच कपाटात होता!

कायदा काय म्हणतो ते ऐका. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ सालचा. त्याखाली १९८५ साली नियम झाले. लग्नात वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची आणि वराला मिळालेल्यांची वराने. वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, देणाऱ्याचं नाव आणि नातं काय, हे लिहून दोघांनी सही करायची. किती लग्नांत पाहिलीत अशी यादी? त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं की स्त्रीधन फक्त तिचं. नवऱ्याकडे ठेवलं तरी ते विश्वासाने सांभाळायला दिलेलं असतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ते परत देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. आणि २०२४ साली त्याच न्यायालयाने म्हटलं की सज्ञान मुलीने अधिकार दिला नसेल, तर तिचं स्त्रीधन वडिलांनाही मागता येत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, चार गोष्टी ठरवू या. पुढच्या प्रत्येक लग्नात आहेर स्वतःच्या नावाने लिहवून घ्यायचा. विधवा, परित्यक्ता मैत्रिणीला सोबत घेऊन वहीसमोर उभं राहायचं. वधूला दिलेलं पाकीट वधूच्या यादीत जाईल, आणि सह्या झालेल्या त्या यादीची एक प्रत तिच्याजवळ राहील, हे पाहायचं. आणि गटातल्या घरांपुरती आहेराची एक रक्कम ठरवायची, म्हणजे कर्ज काढून कोणाला ‘वर थोडे’ घालावे लागणार नाहीत.

वहीवाला कुरकुर करेल. म्हणेल, ‘वहिनी, दादांचंच नाव लिहितो की!’ त्याला शांतपणे सांगा, पैसे माझे आहेत, नाव माझं लिही.