पाला खाणारी मगर



मगर म्हटली की आपल्याला सांगलीकडची कृष्णा आठवते, काठावर पडलेले लांबलचक धूड आठवते. मी आज बोलणार आहे ती मगर पाऊण मीटर लांब होती, जमिनीवर चालत होती आणि बहुधा पाला खात होती. सायमोसुकस हे तिचे नाव. अर्थ, चपट्या नाकाची मगर. मादागास्कर बेटावर तिचा सांगाडा मिळाला आणि २००० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. काळ डायनोसॉरांच्या अखेरचा, सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीचा. आखूड शेपूट, अंगभर हाडांच्या ढलप्यांचे चिलखत.

पाला खाताना तिला कोणी पाहिले, असा प्रश्न आमच्या कामगारांच्या सभेत लगेच येईल, आणि तो यावाच. उत्तर दातांत आहे. शिकार धरणाऱ्या मगरीचे दात सुळ्यासारखे असतात. हिचे दात लवंगेच्या आकाराचे, कडेला अनेक टोके असलेले. पाला खाणाऱ्या इग्वाना सरड्याचे दात काहीसे असेच असतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या जुन्या विणकराच्या हाती फणीचा तुकडा द्या, कापड दाट की विरळ ते तो सांगेल. तसेच हे. तरी फणीवरून गिऱ्हाईक कळत नाही; अधूनमधून किडेही तिच्या पोटात जात असतील.

या दूरच्या बेटाशी आपले नाते काय? २०१३ साली जी. व्ही. आर. प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूतल्या अरियलूर भागात, कल्लमेडूच्या थरांत, सायमोसुकससारख्या मगरीचा पुरावा नोंदवला. भारत मादागास्करपासून तुटला तो सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी. जमिनीवरचा हा ठेंगणा जीव समुद्र पोहून आला, हे मनाला पटत नाही. दोन्ही भूभाग जोडलेले असतानाच त्याचे पूर्वज दोन्हीकडे पसरले असावेत. जमिनीची वाट पुढेही काही काळ उरली होती, असे मानणारे अभ्यासकही आहेत.

मग सोलापुरात असे दात का मिळत नाहीत? आपल्या शेडचा पाया खणताना पहार ज्या काळ्या पाषाणावर खणखणते, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्या तप्त रसात हाड टिकणार कसे? पण चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला, लाव्हाच्या खालच्या गाळात, डायनोसॉरांची हाडे आणि दगड झालेली विष्ठा मिळाली. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण निघाल्याचे २००५ साली जाहीर झाले. लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्येही कोठे कोठे जुन्या तळ्यांचा गाळ दबलेला असतो. म्हणून खोदकामावरच्या माणसांना माझे सांगणे आहे: काळ्या दगडांच्या मध्ये शिंपल्यांचा थर लागला, तर तो ट्रकमध्ये भरण्यापूर्वी भूशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाला दाखवा.