एका स्टेशनाचं अंतर

हार्बरच्या गाडीने बेलापूर सोडलं की पुढचं स्टेशन खारघर. मधे चार-पाच मिनिटं. दोन्हीकडे सिडकोचेच सेक्टर, सारख्याच इमारती. पण या दोन स्टेशनांच्या मधे कुठेतरी जिल्हा बदलतो. बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडात. एरवी आपल्याला त्याचं काही वाटत नाही. घरात अपंग माणूस असेल, सरकारी भाषेत आता दिव्यांग म्हणतात, तर मात्र ही न दिसणारी रेघ सारखी आडवी येते.

कशी, ते सांगते. पनवेल परिसरात अशा कुटुंबांचे अर्ज भरून द्यायला मी मदत करते. बहुतेक सवलतींसाठी पहिल्यांदा लागतो तो किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला. रायगडचं जिल्हा रुग्णालय अलिबागला. तालुक्याला शिबिर लागलं आणि हवे ते तज्ज्ञ आले, तर ठीक. नाहीतर पनवेलहून पेण, वडखळ करत अलिबाग गाठायचं. प्रवासी रेल्वे तिथवर जात नाही. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सूट आहे, पण ती दाखला असलेल्यांना! दाखला आणायला निघालेल्याने पूर्ण तिकीट काढायचं, आणि एसटीची ती उंच पायरी कुणाच्या तरी खांद्याच्या आधाराने चढायची.

२०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, हे चांगलंच झालं. दाखल्याचा अर्ज आता स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. पण दाखला देण्याची मुदत २०२४च्या नियमांनी एका महिन्यावरून तीन महिन्यांवर नेली. एक सोय फारशी कुणाला ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगते. ज्या सरकारी रुग्णालयात त्या अपंगत्वावर उपचार चालू आहेत, तिथेही दाखल्यासाठी अर्ज करता येतो. जुनी केसपेपरं म्हणून कधी टाकू नका.

कामोठ्याच्या एक बाई माझ्याकडे येतात. मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. तो अठरा वर्षांचा झाला आणि कायद्याच्या दृष्टीने आई त्याची पालक उरली नाही. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. म्हणजे पुन्हा अलिबाग. "ताई, इतकी वर्षं याला मीच उचलून नेतेय, आता मीच त्याची आहे हे कागदावर दाखवायचं?" असं त्यांनी विचारलं. मुलांची मालमत्ता कुणी लाटू नये म्हणून ही तरतूद आहे, ते मी समजावलं. त्यांना ते पटलंही. पण मुलाला गाडीत कसं बसवायचं, हा प्रश्न तसाच राहिला.

याच न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, वयाची अट नाही, थेरपीचा खर्चही धरलेला. योजना चांगली आहे. फक्त पैसे आधी खिशातून भरायचे, मग बिलं पाठवून परत मागायचे. ज्याच्या खिशात आधी काही नाही, त्याने काय करायचं?

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये केली. पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला जेमतेम ४,२००. नवी मुंबईत एखाद्या सोसायटीच्या रखवालदाराचा पगारही याच्या वर जातो. त्याच्या घरचं अपंग मूल मग निराधार ठरत नाही.

रेघेच्या अलीकडे वाशीला नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे. शिक्षण, प्रशिक्षण, थेरपी एकाच जागी. महापालिकेने मनावर घेतलं तर काय होतं, ते तिथे दिसतं. कायद्याने दिव्यांगांसाठी राखायचा ५ टक्के निधी प्रत्येक महापालिकेकडे असतो. तो कुठे खर्च झाला, हे आपल्या नगरसेवकाला जरूर विचारा.

रुग्णालयात पोचल्यावरही सगळं सुरळीत होतं असं नाही. तपासणीचं टेबल इतकं उंच, की व्हीलचेअरवरून त्यावर जायला दोन माणसं लागतात. एका ठिकाणी एक कर्णबधिर तरुण सकाळपासून बाकावर बसून होता. त्याच्या नावाचा पुकारा दोनदा झाला. तो कसा ऐकणार? खिडकी बंद झाली तेव्हा त्याने उठून आपला केसपेपर पुढे केला. त्याच्या डोक्यावर नंबर दाखवणारा लाल अक्षरांचा फलक होता. बंद पडलेला.