आजीचे ९० दिवस



लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याहून जर्मनीतील म्युनिक शहरी निघालेल्या आजीजवळ दोन गोष्टी असतात : डिंक-खारकेची पिशवी आणि ९० दिवसांचा हिशेब. भेटीच्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. प्रसूतीच्या पंधरा दिवस आधी पोहोचावे, तर तेही त्यातूनच वजा होतात. साजूक तूप बरोबर नेता येत नाही, कारण युरोपीय संघाबाहेरील दुग्धजन्य पदार्थ प्रवाशाच्या सामानातून आणण्यास तेथे मज्जाव आहे. तेथलेच लोणी आणून कढवायचे. (ते लोणी उत्तम असते, हे आजीही पुढे मान्य करते.) धुरीचा बेत मात्र पहिल्याच दिवशी बारगळतो. झोपण्याच्या खोलीत धुराची सूचना देणारे यंत्र बसवणे बव्हेरियात कायद्याने सक्तीचे आहे, आणि ते यंत्र उदाच्या धुरात व आगीच्या धुरात भेद करीत नाही.

दारी येते ती सुईण. आरोग्य विम्याच्या खर्चाने ती पहिले दहा दिवस हवी तर रोज, आणि पुढे बाळ बारा आठवड्यांचे होईपर्यंत गरजेप्रमाणे घरी येते. गरोदरपणाच्या प्रारंभीच तिला गाठावे लागते. नवजात बाळाला मध-तूप चाटवणे हा आजीच्या दृष्टीने संस्कार. सुईण मधाला ठाम नकार देते. मधात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतील बाळाला त्यापासून जिवाचा धोका संभवतो. येथे आजीनेच माघार घ्यावी. त्यात परंपरेचा अवमान नाही. मात्र तेल लावून बाळाचे अंग चोळताना पाहून सुईण थांबते आणि कौतुक करते. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रेडरिक लबोयर यांनी कोलकात्याकडील एका मातेला आपल्या बाळाचे मर्दन करताना पाहिले आणि १९७६ साली तिच्या नावाने ‘शांतला’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. पाश्चात्त्य देशांत ही कला रुजवण्यात त्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. आजीला हे ठाऊक नसते. तिचे हात ते जाणतात.

जन्माची नोंद तेथे आठवड्याच्या आत द्यावी लागते. परंतु नाव ठरले नसल्यास ते महिन्याभरात कळवता येते. म्हणजे बाराव्या दिवशी बारसे करून, आत्याने दूरध्वनीवरून बाळाच्या कानात नाव सांगूनही कायदा सांभाळला जातो. बाळाचे भारतीय नागरिकत्व मात्र आपोआप मिळत नाही. जन्मापासून वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते. ती विसरू नये.

खरी परीक्षा तेराव्या आठवड्याची. सुईणीच्या भेटी संपलेल्या, आजीचे विमान सुटलेले. घरात उरते अपुऱ्या झोपेची आई आणि रडणारे बाळ. दुसरी आजी लगोलग येऊ शकते, कारण तिचे ९० दिवस स्वतंत्र मोजले जातात. विहिणींनी पाळी लावून येणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. पण तेवढे पुरत नाही. २००७ पासून जर्मनीत पालक-भत्ता आहे : एकाला बारा महिने, आणि दुसऱ्या पालकानेही रजा घेतली तर आणखी दोन. मिळकतीचा सुमारे ६५ टक्के भाग मिळतो, पण महिन्याला १८०० युरोंहून अधिक नाही. हे दोन महिने वडिलांनी आजी घरी असतानाच घालवू नयेत. पाहुणचाराच्या दिवसांत ती रजा सहलीसारखी सरते. आजी गेल्यावर तीच घर तोलून धरते. पगार घटतो, बढती लांबेल अशी धास्ती वाटते. ही धास्ती खोटी नाही. तरीही ती रजा घ्यावी.

म्हणून शेवटच्या आठवड्यात आजीने पाटावर स्वतः बसू नये, जावयाला बसवावे. पुढे उन्हाळ्यातल्या एखाद्या सकाळी म्युनिकमध्ये नऊ वाजलेले असतात, पुण्यात साडेबारा. दूरध्वनीच्या पडद्यावर आजी जेवणाचे ताट बाजूला सारून म्हणते, ‘‘जावईबापू, आधी पाणी कोपराला लावून पाहा.’’ आणि जावईबापू बाही वर सारतात.