जुन्या बंदुकीची हरवलेली पुंगळी

जुन्या शस्त्रागारांतून एखादी बंदूक बाहेर निघाली कीं पाहणाऱ्याची नजर तिच्या पोलादी नळीवर खिळते. परंतु काडतुसाच्या बंदुकीचा प्राण नळींत नसतो. तो बोटभर लांबीच्या एका पितळी पुंगळींत असतो. गोळी, दारू आणि ठिणगी देणारी टोपी या तिघांना ही पुंगळी एकत्र धरून ठेवते. तीच मिळेनाशी झाली, तर उत्तमांतली उत्तम बंदूक म्हणजे केवळ एक जड काठी होय.

मार्टिनी-हेन्री ही अशीच एक बंदूक. सन २००३ मध्यें काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारांतील मोठा सांठा अमेरिकेंतील व्यापाऱ्यांनीं विकत घेतला. त्याबरोबर मार्टिनी-हेन्री आणि नेपाळांत हातानें घडविलेल्या गहेंद्र बंदुका हजारोंनीं समुद्रापार गेल्या. हौशी लोकांनीं त्या घेतल्या, त्यांवरील चरबी व धूळ पुसली, आणि मग प्रत्येकापुढें एकच प्रश्न उभा राहिला : यांचीं काडतुसें आतां कोठून आणावयाचीं?

या प्रश्नाचें उत्तर बंदुकीच्या वंशावळींत दडलेलें आहे. १८५७ च्या उठावाशीं जिच्या काडतुसाचें नांव कायमचें जोडलें गेलें, ती १८५३ ची एन्फील्ड बंदूक ०.५७७ इंच व्यासाची होती. तिचें काडतूस कागदाचें होतें. १८६६ सालीं तिलाच मागून उघडणारें झांकण बसवून स्नायडर बंदूक करण्यांत आली, आणि कागदाच्या जागीं पितळ आलें. पुढें १८७१ सालीं मार्टिनी यांच्या रचनेचा खटका व हेन्री यांच्या रचनेची नळी एकत्र आली. नळीचा व्यास ०.४५ इंचावर उतरला. परंतु काडतुसाचा तळ स्नायडरएवढाच रुंद राहिला आणि त्याचें तोंड बाटलीच्या गळ्यासारखें आवळलें गेलें. त्यांत ८५ ग्रेन काळी दारू व ४८० ग्रेनांची शिशाची गोळी असे.

त्या वेळची पुंगळी मात्र एकसंध नव्हती. पातळ पितळी पत्रा गुंडाळून नळी करीत व तिला लोखंडी तळ जोडीत. कवायतीच्या मैदानावर हें ठीक चाले. पण सुदानच्या वाळवंटांत, १७ जानेवारी १८८५ रोजीं अबू क्ली येथें शत्रू अंगावर आला असतां कित्येक बंदुका अडकल्या. तापलेल्या नळींत पातळ पत्रा चिकटून बसे, आंकडा केवळ तळ ओढून काढी, आणि उरलेली पुंगळी आंतच राही. अशा क्षणीं शिपायाच्या हातीं संगिनीवांचून कांहीं उरत नसे. त्या अनुभवानंतर एकसंध पितळाची ओढीव पुंगळी प्रचारांत आली.

हें सुधारलेलें काडतूस फार काळ मिरवलें नाहीं. १८८८ सालीं ब्रिटिश सैन्यानें ०.३०३ इंचांची ली-मेटफर्ड स्वीकारली. हिंदुस्थानांतील पथकांकडे मार्टिनी पुढेंही कांहीं वर्षें राहिली. परंतु सैन्याची मागणी आटली कीं कारखान्याचीं यंत्रें दुसऱ्या कामास लागतात, सांचे मोडींत जातात. नंतर उरतात ते दोनचार लहान कारखानदार, आणि त्यांचे चढे भाव.

ज्यांना ते भाव परवडत नाहींत, ते वेगळी वाट धरतात. एक पौंड शिशाच्या सारख्या २४ गोळ्या केल्या, तर प्रत्येकीचा व्यास सुमारें ०.५८ इंच येतो. त्या मापाच्या नळीस चोवीस बोअरची म्हणतात. म्हणजे जुन्या एन्फील्डचें माप तें हेंच. ब्राझीलमध्यें चोवीस बोअरच्या शिकारी बंदुकीसाठीं पितळी पुंगळ्या तयार होतात. त्यांचा तळ मार्टिनीस जुळतो. तोंड मात्र आवळावें लागतें.

पुण्याच्या तांबट आळींतील कोणाही कारागिरास हें काम समजावून सांगावें लागणार नाहीं. पितळ ठोकतां ठोकतां ताठर होतें, आणि तसेंच दामटलें तर तडकतें. म्हणून मध्येंच तें तापवून मऊ करावयाचें. येथें खुबी इतकीच, कीं तोंड मऊ व्हावें पण तळ कठीणच राहावा. कारण स्फोटाचा सारा जोर तळावर येतो. म्हणून पुंगळी पाण्यांत उभी करून केवळ वरचा भाग तापवितात. मग तेलाचा हात देऊन एकामागून एक अरुंद होत जाणाऱ्या सांच्यांतून तिला काढतात व जादा लांबी कापतात. घाई करणाराच्या हातीं सुरकुत्या व चिरा येतात.

त्यांतही हातानें घडविलेल्या दोन बंदुकांची पोकळी तंतोतंत सारखी नसते. म्हणून आधीं नळींत मंद आंचेवर वितळणारा धातु ओतून तिचा ठसा घेतात. पहिल्या हलक्या बारानें पुंगळी फुगते व त्या पोकळीचा अचूक आकार घेते. त्यानंतर ती त्याच एका बंदुकीची होऊन राहते.

दोन गोष्टींत चूक केल्यास मात्र क्षमा नाहीं. काळ्या दारूसाठीं घडलेल्या बंदुकींत धूरविरहित दारू वापरली, तर नळी फुटून हात किंवा डोळा जावयाचा. आणि शतकापूर्वींची बंदूक जाणत्याकडून तपासून घेतल्यावांचून तिला बार भरणें हा शुद्ध अविचार होय. भारतांत तर काडतूस बाळगण्यास व बनविण्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वयें परवाना लागतो, हेंही विसरतां कामा नये.

हा सारा खटाटोप एका आवाजासाठीं, असें कोणी म्हणेल. परंतु अबू क्लीच्या शिपायास विचारतां आलें असतें, तर त्यानें निराळें उत्तर दिलें असतें. साम्राज्यांच्या कथा सेनापतींच्या नांवानें लिहिल्या जातात. त्या दिवशीं त्याचें जगणें व मरणें मात्र पातळ पितळाच्या एका गुंडाळीवर अवलंबून होतें. ती गुंडाळी कशी होती, कां फसली आणि कशी सुधारली, हें जो स्वतः पुंगळी घडवितो त्याच्या बोटांना कळतें. इतिहासाचें असें ज्ञान ग्रंथांतून क्वचितच मिळतें.